कुठूनही निघा, ६१७४ ला पोचा!

मित्रहो, आणि हे पान उघडण्याची कृपा केलेले समस्त सर, मॅडम, रेक्टर सर आणि मेसचे काका, हा लेख नुसता वाचायचा नाही, बरोबरीने करायचाही आहे. त्यामुळे आधी एक कागद आणि पेन घ्या. जर्नलचं मागचं पान चालेल. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर वापरलात तरी इथे कुणी कॉपी केस करणार नाही.

कोणतीही एक चार अंकी संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. म्हणजे ११११ किंवा ७७७७ चालणार नाही, पण ७७७१ चालेल. आता ते चार अंक उतरत्या क्रमाने लावा, म्हणजे त्यांच्यापासून होणारी सर्वांत मोठी संख्या मिळेल. मग चढत्या क्रमाने लावा, म्हणजे सर्वांत लहान संख्या मिळेल. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हेच करा. पुन्हा उत्तर, पुन्हा हेच.

उदाहरणासाठी मी १९०५ घेते. हीच संख्या का, ते पुढे कळेल.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तीच क्रिया करून बघा. अंक तेच, त्यामुळे पुन्हा ७६४१ − १४६७, आणि उत्तर पुन्हा ६१७४. आपण अडकलो! आता जन्मभर वजाबाकी करत बसलात तरी ६१७४ च येणार.

"हां, मग १९०५ चं असेल तसं," असं म्हणून सोडून देऊ नका. तुमची स्वतःची संख्या घ्या. रूम नंबर, रोल नंबरचे शेवटचे चार आकडे, बाईकचा नंबर, काहीही. (एटीएमचा पिन घेतलात तर तो कागद फाडून टाका.) जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ ला पोचाल. काहींचं काम एकाच पायरीत होतं, काहींना साती पायऱ्या चढाव्या लागतात, पण न पोचणारी एकही संख्या नाही.

एक सूचना मात्र पाळा, कारण बरेच जण इथेच फसतात. मध्येच उत्तर तीन अंकी आलं तर पुढचा शून्य टाकून द्यायचा नाही. उदाहरणार्थ २१११ घेतलं, तर २१११ − १११२ = ०९९९. हे ९९९ असं लिहिलंत तर पुढच्या पायरीला शून्य येईल आणि सगळाच खेळ बुडेल. ०९९९ असंच ठेवा: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, आणि मग आपलं ठरलेलं ६१७४.

१००० ते ९९९९ मधून सारख्या अंकांच्या नऊ संख्या वगळल्या की ८९९१ उरतात. त्यातली एक खुद्द ६१७४, तिला चालायचंच नाही. बाकीच्यांपैकी ३५६ संख्या एका पायरीत पोचतात, ५१९ दोन पायऱ्यांत, २१२४ तीनमध्ये, ११२४ चारमध्ये, १३७९ पाचमध्ये, १५०८ सहामध्ये आणि १९८० संख्यांना पूर्ण सात पायऱ्या लागतात. कॉम्प्युटरवाल्यांनी वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहून हे पडताळून पाहावं. प्रॅक्टिकलला मिळणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा नक्कीच जास्त मजा येईल.

हे कुणाला सुचलं?

या संख्येला जगभर "कापरेकर स्थिरांक" म्हणतात. नावावरून कळलंच असेल, माणूस आपल्याकडचाच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. (म्हणून १९०५!) वडिलांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे घरात आकडेमोड लहानपणापासूनच कानावर पडत होती. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे असताना १९२७ साली त्यांना गणितातलं रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं, ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. पुढची कुठलीही पदवी त्यांनी घेतली नाही. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. तर नाहीच. विद्यापीठ नाही, गाईड नाही, लॅब नाही. शाळा सुटल्यावर वही आणि आकडे, एवढंच.

६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम म्हणजे नुसते आकड्यांचे खेळ वाटत. मोठी मासिकं छापत नसत, म्हणून कापरेकर पदरचे पैसे घालून छोट्या छोट्या पुस्तिका काढत. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या घेत. मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय गणिताच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि सत्तरीच्या या शिक्षकाचं नाव जगभर गेलं. १९८६ साली देवळालीलाच ते वारले.

आता जरा १९८६ घेऊन बघा. ९८६१ − १६८९ = ८१७२. ही संख्या वर कुठे पाहिली? १९०५ च्या दुसऱ्या पायरीवर! म्हणजे कापरेकरांचं जन्मसाल आणि मृत्युसाल ८१७२ ला भेटतात आणि पुढची वाट जोडीने चालतात. जन्मसालाला सात पायऱ्या, मृत्युसालाला सहा. यात चमत्कार काही नाही. अशा भेटी इथे पावलोपावली होतात, आणि त्या का होतात हे समजलं की ६१७४ चं निम्मं गुपित उलगडतं.

चौपन्न खोल्यांचं हॉस्टेल

मराठी माध्यमातल्या मित्रांसाठी हे सरावाचं असेल. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'क्ष' आणि 'य' जरा जिभेवर बसवावे लागतात, पण बीजगणित तेच आहे.

समजा उतरत्या क्रमाने लावलेले चार अंक अ, ब, क, ड आहेत. मग

मोठी संख्या = १०००अ + १००ब + १०क + ड
लहान संख्या = १०००ड + १००क + १०ब + अ

वजा केल्यावर उरतं ९९९(अ − ड) + ९०(ब − क).

जरा थांबून याच्याकडे बघा. उत्तर काय येणार ते चार अंकांवर अवलंबूनच नाही! फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला फरक, त्याला क्ष म्हणू. आणि मधल्या दोन अंकांतला फरक, तो य. तुम्ही ९५३१ घ्या, ९६४१ घ्या किंवा ८५३० घ्या, तिन्हींत क्ष = ८ आणि य = २, म्हणून तिघांचं उत्तर एकच: ८१७२.

आता क्ष आणि य किती प्रकारचे असू शकतात? क्ष १ ते ९ पैकी काहीही. य मात्र शून्यापासून फार तर क्ष एवढा, कारण मधले दोन अंक टोकाच्या अंकांच्या आतच राहतात. क्ष १ असेल तर य च्या २ शक्यता, क्ष २ असेल तर ३, असं करत क्ष ९ असेल तर १०. बेरीज २ + ३ + ४ + … + १० = ५४.

म्हणजे ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या, शून्यं धरून होणाऱ्या ९९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत फक्त ५४ संख्यांवर येऊन आदळतात. ९९९० मुलं आणि हॉस्टेलमध्ये ५४ खोल्या, अशी गर्दी! दोन वेगवेगळ्या वाटा एकमेकींना भेटल्या यात मग नवल ते काय?

गर्दी इथे थांबत नाही. या ५४ संख्यांवर पुन्हा तीच क्रिया केली तर पुष्कळशा एकाच उत्तराला येतात, कारण कित्येकींचे अंक तेच असतात, फक्त जागा बदललेल्या. कागदावर मांडलंत तर हिशोब असा दिसतो. पहिल्या पायरीनंतर शक्य असलेल्या संख्या ५४. दुसरीनंतर २०. तिसरीनंतर १४. चौथीनंतर १०. पाचवीनंतर ७. सहावीनंतर ४. सातवीनंतर १.

नरसाळ्यातून तेल ओतल्यासारखं. सहाव्या पायरीनंतर उरणाऱ्या चार संख्या म्हणजे ४१७६, ८३५२, ८५३२ आणि स्वतः ६१७४. त्यातल्या ८३५२ आणि ८५३२ चे अंक सारखेच, ४१७६ चे अंक तर ६१७४ चेच. सगळ्यांची पुढची वजाबाकी ६१७४. सात पायऱ्यांची मर्यादा कुठून आली तेही यातून कळतं. ज्यांना आकड्यांवर विश्वास नाही त्यांनी ५४ नोंदींचा तक्ता करावा. मेसमध्ये ताट येईपर्यंत निम्मा होतो.

पण ६१७४ च का?

नरसाळं आहे हे कळलं, पण त्याचं तोंड नेमकं इथेच का? यासाठी उत्तराचे अंक कसे दिसतात ते बघू. य शून्य नसेल तर वजाबाकीचे चार अंक डावीकडून असे येतात:

क्ष, य − १, ९ − य, १० − क्ष

ताळा करा. ८७२१ मध्ये क्ष = ७, य = ५. अंक आले ७, ४, ४, ३. वर ७४४३ च आलं होतं. लक्षात घ्या, पहिला आणि शेवटचा अंक मिळून नेहमी १०, मधले दोन मिळून नेहमी ८. ६१७४ कडे बघा: ६ + ४ = १०, १ + ७ = ८.

जी संख्या स्वतःकडेच परत येते, तिच्या अंकांतून पुन्हा तेच क्ष आणि तेच य निघायला हवेत. समजा, क्रमाने लावल्यावर मधली जोडी (९ − य आणि य − १) टोकांना गेली आणि टोकांची जोडी (क्ष आणि १० − क्ष) मध्ये आली. मग

(९ − य) − (य − १) = १० − २य, आणि हे क्ष एवढं हवं.
क्ष − (१० − क्ष) = २क्ष − १०, आणि हे य एवढं हवं.

पहिल्यातला क्ष दुसऱ्यात घाला. २० − ४य − १० = य. म्हणजे १० = ५य. म्हणून य = २, क्ष = ६, आणि अंक ६, १, ७, ४.

बस्स! अंकांच्या जोड्या दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने लावल्या, किंवा य शून्य धरला, तर उत्तर अपूर्णांकात जातं किंवा कुठेतरी परस्परविरोध येतो. ते तुम्ही स्वतः करून बघा, अकरावी-बारावीच्या पलीकडचं त्यात काही लागत नाही. म्हणजे स्थिर राहणारी चार अंकी संख्या फक्त एकच, ६१७४.

न्यूमेरिकल मेथड्समध्ये आपण न्यूटन-रॅफ्सन करतो. एक अंदाज घ्यायचा, सूत्रात घालायचा, आलेलं उत्तर पुन्हा सूत्रात घालायचं, आणि उत्तर बदलेनासं झालं की थांबायचं. तिथे सुरुवातीचा अंदाज चुकला तर गाडी भलतीकडे जाते, आणि बरोबर असला तरी आपण चौथ्या दशांशावर समाधान मानतो. इथे अंदाज कुठलाही घ्या, सात फेऱ्यांत अचूक उत्तर. असं सूत्र पेपरला आलं तर काय बहार येईल!

बाकीच्यांचं नशीब

कुणी म्हणेल, चार अंकांचं असं होतं तर सगळ्यांचंच होत असेल. इथेच खरी गंमत आहे.

एक गोष्ट कुठल्याही लांबीच्या संख्येबाबत होणारच. ठरावीक अंकांच्या संख्या मोजक्याच असतात, त्यामुळे क्रिया करत राहिलं की कधीतरी आधी आलेली संख्या पुन्हा येणारच. आणि एकदा ती आली की पुढे तेच चक्र. पण त्या चक्रात एकच संख्या असेल की अनेक, आणि सगळ्यांचं चक्र एकच असेल की वेगवेगळी, याची कसलीही हमी नाही.

दोन अंकी घ्या. ०९ वरून ८१, ८१ वरून ६३, मग २७, मग ४५, आणि पुन्हा ०९. स्थिरांक नाही, नुसत्या घाण्याच्या बैलाच्या फेऱ्या. तीन अंकी संख्यांना मात्र ठिकाण आहे, ४९५. पाच अंकींत पुन्हा स्थिरांक नाही, तीन वेगळी चक्रं आहेत. त्यातलं सर्वांत छोटं म्हणजे ५९९९४ वरून ५३९५५ आणि परत ५९९९४. सहा अंकींत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या आहेत, शिवाय एक सात संख्यांचं चक्रही, म्हणजे कोण कुठे जाईल सांगता येत नाही. सगळ्यांना एकाच घरी आणणारे फक्त तीन अंक आणि चार अंक. दशमान पद्धतीत याशिवाय दुसरा असा स्थिरांक नाही, हे १९८१ साली सिद्धही झालं.

स्वभावाची थोडी ओळख

एवढी ख्याती असलेल्या संख्येची बाकीची कुंडलीही बघून घेऊ. ६१७४ चे अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. म्हणजे १८ गुणिले ७ चा घन. आणि अंकांची बेरीज? ६ + १ + ७ + ४ = १८. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी "हर्षद" म्हटलं, हर्ष देणारी. ६१७४ हर्षद आहे, आणि भागाकार ३४३, म्हणजे स्वच्छ ७ चा घन.

अजून एक. १८ चा घन ५८३२, १८ चा वर्ग ३२४, आणि १८. तिघांची बेरीज करा. ६१७४!

गंमत म्हणजे ही संख्या "कापरेकर संख्या" मात्र नाही. तो मान वेगळा आहे. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. अशा संख्येला कापरेकर संख्या म्हणतात. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६, आणि ३८११ + ८२७६ = १२०८७. नापास! ती "देवळाली संख्या"ही नाही. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच तयार होत नाही, ती देवळाली संख्या, उदाहरणार्थ २०. आपली ६१७४ तशी तयार होते: ६१५६ + १८. स्वतःच्या गावाचं नाव संख्यांना देणारा हा माणूस. एका प्रकाराला त्यांनी डेम्लो हे नाव दिलं, जे जी.आय.पी. रेल्वेवरच्या स्टेशनाचं, म्हणजे आताच्या डोंबिवलीचं. १, १२१, १२३२१ या त्यातल्याच. रोज लोकलने जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

"पण याचा उपयोग काय?"

हा प्रश्न इंजिनीअरिंगच्या मुलांच्या रक्तातच असतो, त्यामुळे तो टाळून चालणार नाही. आणि हा प्रश्न फक्त आपण विचारत नाही. रामानुजनला ज्याने ओळखलं त्या प्रोफेसर हार्डीने १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशाच संख्यांची उदाहरणं घेतली. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट, म्हणजे उलट्या लिहिलेल्या स्वतःच्याच पटीत. हार्डीचं म्हणणं असं, की हे वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदराला छान, पण गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही. कापरेकरांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचं म्हणणंही याच जातीचं होतं.

या आक्षेपात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. ६१७४ चा गुण आपण संख्या दहाच्या पायावर लिहितो म्हणून आहे. मूळ संख्या १३ असेल तर ती कुठल्याही पद्धतीने लिहा, ती मूळच राहते. ६१७४ चं तसं नाही. बायनरीत चार अंकी खेळ केला तर ०१११ आणि १००१ अशी दोन वेगळी ठिकाणं मिळतात. ऑक्टलमध्ये तर एकही स्थिर संख्या नाही. म्हणजे आठ बोटांच्या प्राण्यांचा एखादा कापरेकर असता तर त्याला हा स्थिरांक मिळालाच नसता.

पण मग माझा उलट प्रश्न असा: दहामध्येच का, आणि आठमध्ये का नाही? वरच्या बीजगणिताकडे परत जा. शेवटी आपल्याला १० = ५य असं मिळालं होतं. त्यातला १० म्हणजे आपला पाया. तीच मांडणी कुठल्याही पायासाठी केली तर निघतं, पाया = ५य. म्हणजे पायाला ५ ने पूर्ण भाग जात असेल तर अशी स्थिर संख्या हमखास मिळणार. पाया ५ घ्या: य = १, क्ष = ३, आणि संख्या ३०३२. करून बघा, पाचच्या पायात ३३२० − ०२३३ = ३०३२ च येतं. पाया १५, पाया २०, तिथेही तिची भावंडं आहेत. आणि ८ ला ५ ने भाग जात नाही, म्हणून या वाटेने तिथे काही हाती लागत नाही. बाकीच्या वाटाही तपासल्या तर बंदच निघतात.

बघा, "हा नुसता दहाचा योगायोग" असं म्हणून सोडून दिलं असतं तर हे दिसलंच नसतं. योगायोगाला कारण विचारलं की त्यातून नियम निघतो. एका हाताला पाच बोटं, दोन हातांची दहा, म्हणून माणूस दहाने मोजायला लागला, आणि त्या दहातल्या पाचमुळे ६१७४ स्थिर राहिली. एवढी मोठी साखळी एका वजाबाकीत लपलेली आहे. याला कोडं म्हणा, गणित म्हणा, मला तरी मधली भिंत कुठे दिसत नाही.

म्हणून उपयोगाचा प्रश्न कुणी विचारला तर सरळ सांगावं, ६१७४ वर पूल उभा राहत नाही आणि इंजिन चालत नाही. पण इटरेशन म्हणजे काय, कन्व्हर्जन्स कशाने होतो, स्थिर बिंदू कधी एक असतो आणि कधी अनेक, हे सगळं चौथीतल्या मुलाला येणाऱ्या वजाबाकीतून समजतं. एम-थ्रीच्या जाड पुस्तकात जे शब्द आपण सबमिशनच्या आदल्या रात्री पाठ करतो, ते इथे हातात घेऊन बघता येतात.

आणि आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचं मला हे वाटतं. "आपल्या कॉलेजात फॅसिलिटीज नाहीत, लायब्ररीत पुस्तकं नाहीत, गाईड भेटत नाहीत" ही रड आपण सगळेच रोज रडतो. त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण देवळालीच्या शाळेतल्या त्या मास्तरांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांनी जो प्रश्न घेतला तो कुणीही घेऊ शकला असता. चार अंक आणि वजाबाकी तर शेकडो वर्षं सगळ्यांच्या समोरच पडून होती. फक्त "पुढे काय होतं बघू" म्हणून सात पायऱ्या चालायला कुणी तयार नव्हतं.

असो. आता तुमच्यासाठी गृहपाठ, मार्कांशिवाय. वरचा ५४ नोंदींचा तक्ता करा आणि कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जाता येतं याचे बाण काढा. एक झाड तयार होईल, ज्याचं मूळ ६१७४. झालं की बारा आणि सोळा या पायांसाठी तेच करून बघा. सोळाला पाचने भाग जात नाही, तेव्हा तिथे काय होतं हे मी सांगणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा हेक्साडेसिमलचा सराव होईल, आणि उत्तर आलं की मला मेसमध्ये गाठून सांगा. चहा माझ्याकडून!